दोन शब्द पुसले गेले, बिटकॉइनही गेले का?

प्रश्न : २०१८ साली मी एका एक्स्चेंजवरून थोडे बिटकॉइन घेतले आणि मोबाइलमधल्या स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून ठेवले. पुढे तो फोन बंद पडला. दुरुस्तीच्या दुकानात ‘बोर्ड गेला’ असे सांगितले. वॉलेट उघडताना मिळालेले बारा शब्द मी डायरीत, देवनागरीत लिहून ठेवले होते. पावसाळ्यात डायरीला ओल लागली. दहा शब्द वाचता येतात. एकाचा नुसता ‘प्र’ दिसतो आणि एक पार पुसला गेला आहे. वॉलेटच्या कंपनीला लिहिले, तर ‘आम्ही काही करू शकत नाही’ एवढेच उत्तर आले. टेलिग्रामवर एक गृहस्थ भेटले. त्यांनी माझ्या वॉलेटमधल्या शिलकेचा स्क्रीनशॉट पाठवला आणि कामासाठी पंधरा हजार रुपये आगाऊ मागितले. द्यावेत का? आणि बिटकॉइन परत मिळतील का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पंधरा हजार देऊ नका. बिटकॉइन मात्र परत मिळण्याची आशा चांगली आहे, आणि ते काम बहुतेक घरबसल्या होण्यासारखे आहे. कसे, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

सगळा घोटाळा ‘वॉलेट’ या नावापासून सुरू होतो. पाकिटात नोटा असतात, म्हणून फोनमधल्या वॉलेटमध्ये बिटकॉइन असतील असे आपण धरून चालतो. तसे नसते. कोणत्या पत्त्यावर किती बिटकॉइन आहेत, याची नोंद एका सामाईक खतावणीत असते. तिच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर आहेत. तुमच्या फोनमध्ये होती ती फक्त किल्ली, म्हणजे अठ्ठ्याहत्तर आकड्यांपर्यंत जाणारी एक प्रचंड गुप्त संख्या. घरातली सातबाऱ्याची प्रत जळाली म्हणून शेत जळत नाही, तसा फोन मेला म्हणून बिटकॉइन मेले नाहीत. फरक एवढाच, की इथे नवी प्रत मागायला तलाठी नाही.

म्हणूनच कंपनीने हात वर केले, त्यात तिची टाळाटाळ नव्हती. तुम्ही वॉलेट उघडले तेव्हा ती संख्या तुमच्याच फोनने तयार केली. कंपनीकडे ती कधी गेलीच नाही. एक्स्चेंजवरच्या खात्याचे तसे नसते. तिथे किल्ल्या एक्स्चेंजच्या ताब्यात असतात, म्हणून पासवर्ड विसरलात तरी ओळखपत्र दाखवून खाते पुन्हा उघडून मिळते. पण मग किल्ली सांभाळण्यातली जोखीमही त्यांच्या हाती जाते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन चोरीला गेले, तेव्हा ज्यांचे पासवर्ड पक्के पाठ होते तेही अडकले. स्वतःच्या ताब्यातल्या वॉलेटमध्ये ती भीती नाही, पण विसराळूपणाला माफीही नाही.

आता त्या स्क्रीनशॉटचे पाहू. खतावणी सर्वांसाठी खुली आहे. कुठलाही पत्ता ब्लॉक एक्सप्लोरर प्रकारच्या संकेतस्थळावर टाकला की त्यावरची शिल्लक पैसुद्धा न चुकता दिसते. तुम्ही बोलताबोलता आपला पत्ता त्या गृहस्थांना सांगितला असणार. त्यांनी तो टाकून चित्र काढले आणि तुम्हालाच पाठवले. शिल्लक दिसणे आणि ती हलवता येणे यांत किल्लीचे अंतर आहे. त्यांच्याकडे किल्ली असती तर ते पंधरा हजार मागत बसले नसते.

या धंद्याची पुढची पावलेही ठरलेली असतात. आगाऊ रक्कम दिली की ‘नेटवर्क फी’ निघते, मग ‘टॅक्स क्लिअरन्स’, आणि शेवटी एखादी लिंक येते, जिथे ‘वॉलेट पडताळण्यासाठी’ उरलेले शब्द भरायचे असतात. सर्वांत घातक तीच. ज्याच्या हाती तुमचे दहा शब्द आणि एक ‘प्र’ लागेल, त्याला पुढचे गणित तुमच्याइतकेच सोपे आहे. पैसे देऊन बसला असाल, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. बँकेतून गेलेली रक्कम लवकर कळवल्यास कधीकधी वाटेत अडवता येते.

मग खरे काम कसे करायचे? सुरुवात शब्दांपासून न करता पत्त्यापासून करा. २०१८ साली एक्स्चेंजवरून बिटकॉइन काढताना तुम्ही आपल्या वॉलेटचा पत्ता तिथे भरला होता. तो त्या खात्याच्या व्यवहारांच्या यादीत किंवा तेव्हा आलेल्या ईमेलमध्ये सापडेल. ब्लॉक एक्सप्लोररवर तो टाकून शिल्लक अजून जागेवर आहे ना, हे स्वतः पाहा. ती आधीच दुसरीकडे गेलेली असेल आणि तुम्ही हलवली नसेल, तर प्रश्न हरवण्याचा नाही, चोरीचा आहे, आणि खाली दिलेला खटाटोप व्यर्थ आहे. शिल्लक जागेवर असेल तर हा पत्ता पुढे कसोटी म्हणून लागणार आहे. जपून ठेवा.

आता ते बारा शब्द. अठ्ठ्याहत्तर आकडी संख्या माणसाला उतरवून घेणे जिवावर येते, म्हणून २०१३ मध्ये एक पद्धत सुचवली गेली आणि पुढे बहुतेक वॉलेटांनी ती उचलली. २,०४८ सोप्या इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी आहे. वॉलेट त्यातून बारा (काही ठिकाणी चोवीस) शब्द निवडते आणि त्यांच्यापासून, ठरलेल्या गणिताने, सगळ्या किल्ल्या पुन्हा तयार होतात. यादी करणाऱ्यांनी दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. एक, प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरूनच ओळखता येतो. शब्दाची शेपटी पुसली तरी बिघडत नाही. दुसरी, शेवटच्या शब्दात पडताळणीचा थोडा अंश असतो. त्यामुळे मनाला येतील ते बारा शब्द जुळवले, तर सोळांत सरासरी एकच जुळणी ग्राह्य ठरते. बाकी पंधरा संगणक बघताक्षणी बाद करतो.

तुमच्या डायरीला हे गणित लावू. दोन शब्द पूर्ण गेले असते आणि त्यांच्या जागा माहीत असत्या, तर २,०४८ गुणिले २,०४८, म्हणजे सुमारे ४२ लाख जोड्या झाल्या असत्या. सोळांतल्या पंधरा बाद करून अडीच लाखांच्या थोड्या वर. साध्या लॅपटॉपलाही हे काही तासांपलीकडचे काम नाही. तुमच्याकडे तर ‘प्र’ शिल्लक आहे. यादीत ‘प्र’ने सुरू होणारे शब्द तीसच्या आतबाहेर आहेत : प्राइस, प्रिझन, प्रॉब्लेम, प्रोटेक्ट, प्राउड असे. म्हणजे ४२ लाखांच्या जोड्या साठ-एकसष्ट हजारांवर आल्या आणि ग्राह्य उरल्या चार हजारांच्याही आत. एका ‘प्र’ची किंमत एवढी आहे.

देवनागरीत लिहिल्यामुळे मात्र एक छोटी अडचण आहे. यादीत ‘बरोबर’ या अर्थाचा राइट आहे आणि ‘लिहिणे’ या अर्थाचाही राइट आहे. इंग्रजीत त्यांची स्पेलिंग वेगळी, तुमच्या डायरीत एकच. असा शब्द दिसला की दोन्ही धरून चालायचे. काम दुप्पट होईल, अशक्य होणार नाही. तेव्हा आधी मूळ यादी छापून घ्या आणि वाचता येणारे दहाही शब्द त्यात एकेक करून शोधा. जो सापडत नाही तो तुम्ही ऐकून चुकीचा लिहिला आहे किंवा आता चुकीचा वाचता आहात. या कामात कितीदा तरी गाडी इथेच अडते, आणि पुसलेल्या शब्दाला उगाच दोष लागतो.

पुढचा टप्पा संगणकाचा. बीटीसीरिकव्हर नावाचे एक मुक्त स्रोत सॉफ्टवेअर नेमके हेच करते. माहीत असलेले शब्द, गेलेल्यांच्या जागा आणि तुमचा जुना पत्ता त्याला द्यायचा. ते एकेक जुळणी करून त्यातून निघणारे पत्ते तुमच्या पत्त्याशी ताडून पाहते. जुळला की थांबते. सॉफ्टवेअर मूळ ठिकाणाहून उतरवून घ्या, मग इंटरनेट तोडा आणि त्यानंतरच शब्द टाका. हे आपल्याला जमणार नाही असे वाटले, तर घरातल्या किंवा अगदी विश्वासातल्या जाणत्या माणसाला समोर बसवून करून घ्या. शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे नाहीत, डायरीच्या पानाचा फोटो काढायचा नाही. आम्हाला लिहिलेल्या पत्रात तुम्ही ते दहा शब्द दिले नाहीत, हे उत्तम केलेत.

‘तज्ज्ञाकडे सोपवले तर काय बिघडते?’ असे कुणी विचारील. खऱ्या सेवा आहेत, आणि त्या सहसा सापडलेल्या रकमेतला हिस्सा घेतात. पण किल्ली पाहणारा माणूस आणि किल्लीचा मालक यांत खतावणी फरक करत नाही. पुण्यात एका मोठ्या बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. तपासात हाती आलेल्या वॉलेटांतून चलन वळवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. पोलिसांच्या देखरेखीखालच्या कामात असा आरोप होऊ शकतो, तर टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाचे काय सांगावे?

शब्द जुळले, नव्या फोनवर वॉलेट उघडले आणि शिल्लक शून्य दिसली, तर घाबरू नका. बारा शब्दांतून एकच पत्ता निघत नाही, असंख्य निघतात, आणि ते कोणत्या वाटेने काढायचे याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. जुन्या पद्धतीचे बिटकॉइन पत्ते १ ने सुरू होतात, नंतरच्यांपैकी पुष्कळ ३ ने आणि अलीकडचे ‘बीसी१’ने. तुमचा २०१८ चा पत्ता ३ ने सुरू होत असेल आणि नवे अ‍ॅप फक्त ‘बीसी१’चे पत्ते दाखवत असेल, तर ते बरोबर घरासमोर उभे राहून चुकीचे दार ठोठावत आहे. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये पद्धत बदला किंवा ती बदलता येईल असे दुसरे वॉलेट घ्या. इतर चलनांच्या बाबतीत नेटवर्क चुकीचे निवडले गेले की असेच शून्य दिसते.

शून्याचे आणखी एक कारण असते. काही वॉलेटांत बारा शब्दांखेरीज स्वतःचा एक जादा परवलीचा शब्द जोडता येतो. त्याची गंमत अशी, की तो चुकला तरी ‘चुकीचा पासवर्ड’ असे कुणी म्हणत नाही. प्रत्येक परवलीतून एक वेगळे, नियमाला धरून बरोबर, पण रिकामे वॉलेट उघडते. तेव्हा तुम्ही असा काही शब्द जोडला होता का, हे आठवून पाहा. फोन उघडण्याचा पिन तो नव्हे. पिन फक्त त्या फोनपुरता होता आणि फोनबरोबर गेला.

‘इतके सोपे असेल तर कुणीही कुणाचेही वॉलेट फोडील’ अशी शंका इथे येणारच. ती रास्त आहे, म्हणून गणित थोडे पुढे नेऊ. २०२० मध्ये अ‍ॅलिस्टर मिल्न यांनी एका बिटकॉइनचे बक्षीस लावले आणि त्या वॉलेटचे शब्द एकेक करून जाहीर करायला सुरुवात केली. आठ शब्द बाहेर आले, चार उरले, आणि जॉन कॅन्ट्रेल या प्रोग्रामरने ते शोधून काढले. ग्राह्य शक्यता सुमारे १.१ लाख कोटी होत्या. भाड्याने घेतलेल्या ग्राफिक्स कार्डांना त्यासाठी तीस तासांच्या आसपास लागले. आता एक शब्द आणखी झाकून ठेवा. काम २,०४८ पट वाढते. त्याच यंत्रांना सात वर्षे लागतील. सहावा झाकला की चौदा हजार वर्षे. बाराही झाकलेले असतील तर वर्षांचा हिशेब करण्यात अर्थ उरत नाही. म्हणजे दोन शब्द गेले तर चहाच्या दोन फेऱ्यांत निकाल लागू शकतो आणि सहा गेले तर नातवंडांच्या नातवंडांनीही वाट पाहू नये. मधली पायरी फार अरुंद आहे.

शब्द सगळे आहेत पण क्रम विसरला, हा प्रश्नही अनेकांचा असतो. बारा शब्दांचे क्रम होतात ४७ कोटी ९० लाखांच्या वर. सोळांतला एक धरला तर तीन कोटींच्या जवळपास. वेळ लागेल, पण जमेल. चोवीस शब्दांचा क्रम पूर्ण विसरला असेल तर मात्र ते सोडून द्यावे.

वर्तमानपत्रांत वाचलेल्या मोठ्या कहाण्याही याच कसोटीवर समजून घेता येतात. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांनी २०१३ मध्ये हार्ड डिस्क कचऱ्यात जाऊ दिली; तिच्यावर सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो उकरू द्यावा यासाठी ते न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने दावा फेटाळला. त्यांच्या काळात बारा शब्दांची सोय रुळलेली नव्हती, म्हणून डिस्क गेली की सारेच गेले. स्टेफान थॉमस यांच्या ७,००२ बिटकॉइनची किल्ली हाताशीच आहे, पण कुलूपबंद पेन ड्राइव्हमध्ये. दहा चुकीचे पासवर्ड दिले की तो कायमचा बंद होतो, आणि आठ संधी संपल्याची बातमी २०२१ मध्ये आली होती. तिथे गणित नडत नाही, प्रयत्नांची मर्यादा नडते. तुमच्या बारा शब्दांना अशी मर्यादा नाही; घरी बसून चार हजार वेळा चुकलात तरी चालते.

याउलट एक यशाची गोष्ट. युरोपातल्या एका गृहस्थाने २०१३ मध्ये ४३.६ बिटकॉइनच्या वॉलेटला वीस अक्षरी पासवर्ड लावला. तो रोबोफॉर्म या सॉफ्टवेअरकडून बनवून घेतला होता, आणि जपून ठेवलेली फाइलच बिघडली. वीस अक्षरे अंदाजाने शोधणे अशक्यच. जो ग्रँड या हार्डवेअर तज्ज्ञाने एका साथीदाराबरोबर वेगळ्या बाजूने विचार केला. त्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती पासवर्ड बनवताना संगणकाच्या घड्याळावर अवलंबून असायची. मग त्यांनी घड्याळ मागे नेले, तो ज्या महिन्यांत बनवला असावा त्यांतल्या प्रत्येक क्षणाचा पासवर्ड पुन्हा बनवला, आणि १५ मे २०१३ चा एक जुळला. २०२४ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली, तेव्हा ‘बिटकॉइन फोडला’ अशी आवई उठली. बिटकॉइनचे गणित जागच्या जागी होते. फुटली ती पासवर्ड बनवण्यातली हलगर्जी. पासवर्ड साधारण कधी बनवला असेल हे ठाऊक होते, म्हणूनच शोधाला कुंपण घालता आले.

या साऱ्यातून तुमच्यासारख्या प्रत्येकाला विचारता येईल असा एकच प्रश्न निघतो : काय गेले यापेक्षा, काय उरले आहे? शब्दांचा तुकडा, जुना पत्ता, पासवर्डची सवय, अंदाजे तारीख, ड्रॉवरमधला बंद फोन. यांतली प्रत्येक गोष्ट शोध पुष्कळ सोपा करते. म्हणून तो बोर्ड गेलेला फोनही भंगारात देऊ नका आणि कुणी रिसेट करून देतो म्हणाले तर करू देऊ नका. बोर्डाचे काम करणारा कुशल कारागीर कधीकधी असा फोन तात्पुरता सुरू करून देतो, आणि मग वॉलेट अ‍ॅपमध्ये शब्द जसेच्या तसे वाचायला मिळू शकतात. उलट काहीच उरले नसेल, तर जगातला कुठलाही तज्ज्ञ ते आणू शकत नाही. तरीही आणून देतो म्हणणारा लबाड समजावा.

बिटकॉइन सापडले की ते त्याच वॉलेटमध्ये ठेवू नका. शब्द आता संगणकात टाइप झाले आहेत; नवे वॉलेट काढा, नवे शब्द घ्या आणि रक्कम तिकडे हलवा. आधी थोडीशी पाठवून पोचल्याची खात्री करा, मग उरलेली. स्वतःच्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात हलवणे ही विक्री नव्हे. विकाल तेव्हा मात्र एप्रिल २०२२ पासूनचा ३० टक्के कर नफ्यावर लागेल, आणि एका चलनातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येणार नाही. खरेदीची २०१८ ची पावती त्या वेळी लागेल. पत्त्यासाठी एक्स्चेंजचे ईमेल चाळाल तेव्हा तीही बाजूला काढून ठेवा.

नवे शब्द रोमन लिपीत, क्रमांक घालून, पेन्सिलीने किंवा न फुटणाऱ्या शाईने दोन कागदांवर लिहा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. घरातल्या एका माणसाला ते कुठे आहेत आणि कशाचे आहेत एवढे सांगून ठेवा. आपल्याकडे विम्याची पॉलिसी कुठल्या कपाटात आहे हे सांगायची पद्धत आहे; या कागदाचा वारसा सांगायला मात्र लोक विसरतात, आणि त्यासाठी वारस दाखला मागणारे कार्यालयही कुठे नाही.